आठ जण, दोन दिवस, तीन कोर्स: नाशिकहून आखलेल्या गोल्फ सहलीचं प्रकरण

गट आठ जणांचा. सात जण गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर भागातले. आठवा मूळचा नाशिकचाच, पण आता परदेशी पासपोर्टवर सुट्टीला आलेला. वयं ३८ ते ६२. सात जणांचे हँडिकॅप इंडेक्स (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळाडू चांगला) ९.२, १४.०, १६.५, १८.३, २२.४, २४.८ आणि २८.०. एक जण वर्षभर फक्त रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, चेंडू मारतोय, त्याला हँडिकॅपच नाही. एकाचा गुडघा १८ होल चालू देत नाही. तारीख जानेवारीचा दुसरा शनिवार-रविवार. गटाची इच्छा अशी, की शनिवारी सकाळी देवळालीचा लष्करी कोर्स, मग पुण्याला मुक्काम, रविवारी सकाळी येरवड्याचा पूना गोल्फ क्लब, दुपारी लवळ्याचा ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट, आणि रात्री नाशिकला परत.

कागदावर हे छान दिसतं. तीन कोर्स, ५४ होल, एक मुक्काम. पण अशी सहल कोर्स मोजून आखली की बिघडते. आधी उजेड मोजावा लागतो आणि मग गटातली सर्वांत हळू फेरी. या दोन आकड्यांत जे बसेल तेवढंच बुक करायचं. या प्रकरणात दोन्ही आकडे आधी काढले गेले, म्हणून पैसे भरायच्या आत आराखडा बदलता आला.

पहिला आराखडा कुठे तुटला

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिक-पुण्याकडे सूर्य साधारण ७:१० ला उगवतो आणि ६:१० च्या सुमाराला मावळतो. म्हणजे हातात अकरा तास. चौघांच्या गटाला, त्यात मध्यम आणि नवखे खेळाडू असताना, १८ होलांना ४ तास ४० मिनिटं धरायची. साडेचार धरली तर कागद सुंदर होतो, पण कोर्सवर दहा मिनिटांची उसनवारी सुरू होते. आठ जण म्हणजे दोन गट, आणि दुसरा गट आठ-दहा मिनिटांनी मागे. सगळं वेळापत्रक त्या दुसऱ्या गटावर ठरतं.

रविवारचा हिशेब असा निघाला. पहिला टी-टाइम, म्हणजे फेरी सुरू करायची वेळ, ७:२०, दुसरा ७:३०. दुसरा गट १२:१० ला संपतो. बॅगा गाडीत, येरवड्याहून शहर ओलांडून लवळ्याला किमान एक तास, जेवण आणि नोंदणी मिळून पाऊण तास. दुसऱ्या कोर्सवर पहिला गट २:१५ ला, दुसरा २:२५ ला. तिथून सूर्यास्तापर्यंत पावणेचार तास. एका होलला साडेपंधरा मिनिटं धरली तर दुसऱ्या गटाचे चौदा होल होतात आणि अंधार पडतो. शुल्क मात्र १८ होलांचं. त्यानंतर ३२ होल खेळलेल्या माणसाने रात्री २१० किलोमीटर गाडी चालवायची. एवढ्या एकाच कारणासाठीही हा आराखडा फाडून टाकावा. दिवसभर उन्हात चाललेल्या माणसाला जेवणानंतर गाडीत झोप लागतेच, आणि पुणे-नाशिक रस्त्यावर रात्री अवजड वाहनं भरपूर असतात.

म्हणून एका दिवसात एकच पूर्ण फेरी असं ठरलं. पुण्यातल्या दोनपैकी एक कोर्स गळला. येरवड्याचा कोर्स जुना, शहरातला आणि क्लबचा. अशा क्लबांत सुट्टीच्या सकाळी सदस्यांना आधी जागा मिळते, पाहुण्यांना सदस्याची सोबत किंवा शिफारस लागते. आठ पाहुण्यांसाठी लागून दोन टी-टाइम मागणं म्हणजे तिथल्या एखाद्या सदस्य मित्राला अडचणीत टाकणं. लवळ्याचा कोर्स डोंगरउतारावर आहे, चालून दमवणारा. पण बग्गी, म्हणजे कोर्सवर फिरायची छोटी गाडी, गट घेणारच होता आणि बावधन परिसरात मुक्काम करता येत होता. रविवारी सकाळी शहरातून गाडी काढायची गरज उरली नाही, तिथेच लवळ्याचा निर्णय झाला.

राखीव म्हणून खारघरचा सिडकोचा कोर्स ठेवला. तिथे सदस्यत्व नसतानाही शुल्क भरून खेळता येतं. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळून जाता येतं, त्यामुळे नाशिकहून पहाटे निघून खेळून संध्याकाळी घरी येणं शक्य झालंय. राखीव कोर्स असा हवा की तिथे मुक्कामाची गरज पडू नये, म्हणजे तो रद्द करायला काही लागत नाही. राखीव वापरायचा की नाही हे गुरुवारी रात्री ठरवायचं, शुक्रवारी नाही.

फोनवर काय विचारायचं

बुकिंगची सुरुवात पाच आठवडे आधी. हिवाळा हा आपल्याकडे स्पर्धांचा हंगाम. कंपन्यांच्या स्पर्धा शनिवारी-रविवारीच असतात आणि शॉटगन स्टार्ट असला, म्हणजे सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरू होणार असले, तर तो कोर्स अर्धा दिवस बाहेरच्यांना बंद. म्हणून पहिला प्रश्न टी-टाइमचा न विचारता त्या दोन दिवसांत स्पर्धा आहे का, हा विचारायचा. मग ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, काम चालू आहे का. ग्रीनला नुकतीच भोकं पाडून वाळू भरली असेल तर पटिंगची, म्हणजे तिथून चेंडू होलकडे ढकलण्याची, मजा जाते. तात्पुरती ग्रीन वापरात असतील तर आधी कळलेलं बरं. किती होल चालू आहेत, तेही विचारा.

त्यानंतर बारीकसारीक गोष्टी: बग्ग्या किती मिळतील आणि त्या फेअरवेवर (टीपासून ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या गवतावर) नेता येतात की रस्त्यावरच ठेवायच्या, कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) माणशी एक की गटाला दोन, भाड्याचे क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) डावखुऱ्यासाठी आहेत का, हँडिकॅप प्रमाणपत्र मागतात का, एखादा गळाला तर किती दिवस आधी कळवायचं. बग्गी रस्त्यावरच ठेवायची असेल तर दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला तिचा अर्धाच उपयोग. प्रत्येक फटक्याला रस्त्यापासून चेंडूपर्यंत आडवं चालावं लागतं आणि क्लब बदलायला परत यावं लागतं. अशा वेळी त्याच्यासाठी बग्गीसोबत कॅडीही घ्यावा. या गटाने तसंच केलं.

पत्ता पाठवताना नेहमी नकाशाची खूणच पाठवावी. नाशिकमध्ये रिक्षावाल्याला किंवा नव्या ड्रायव्हरला नुसतं ‘गोल्फ क्लब’ सांगितलं तर तो हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर आणून सोडतो. शहरात त्याला गोल्फ क्लब मैदान म्हणतात आणि तिथे क्रिकेट चालतं.

लष्करी कोर्सची अट

देवळालीत खेळायचं म्हणजे छावणीचे नियम पाळायचे. नागरिकाला तिथला सदस्य किंवा यजमान अधिकारी लागतो, नावं आधी द्यावी लागतात, गेटवर ओळखपत्र दाखवावं लागतं, गाडीचा नंबर नोंदवलेला असावा लागतो. फोटोंबाबत गेटवर जे सांगतील तेच अंतिम. ड्रोन तर आणूच नये. परदेशी पासपोर्टधारकाला आगाऊ परवानगीशिवाय आत नेता येत नाही, मग तो शाळेपासूनचा मित्र का असेना. हा मुद्दा बहुतेक गट विसरतात, कारण मित्र मराठी बोलतो, आधीसारखाच दिसतो, आणि त्याच्याकडे कोणता पासपोर्ट आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

इथे अर्ज वेळेत दिला, तरी परवानगी शनिवारपर्यंत आली नाही. आराखड्यात त्याची सोय आधीच होती. शनिवारचा प्रकार वैयक्तिक स्टेबलफोर्ड (प्रत्येक होलला फटक्यांवरून गुण) ठेवला होता, जो सात जणांनाही चालतो आणि आठ जणांनाही. जोड्यांचा खेळ रविवारी, जिथे आठही जण नक्की होते. उलट केलं असतं तर शनिवारी सकाळी गेटबाहेर जोड्या मोडत बसावं लागलं असतं. ज्या दिवसाची संख्या पक्की नाही त्या दिवशी जोड्यांचा खेळ ठेवू नये.

सात झाल्यामुळे तिघं आणि चौघं असे गट पडले. तिघांना पुढे सोडलं, कारण तीन जण चौघांपेक्षा लवकर सरकतात आणि मागच्यांना थांबावं लागत नाही.

गेटवर मात्र अडकलेच. एकाने आदल्या रात्री गाडी बदलली होती, नवा नंबर यादीत नव्हता. फोनाफोनीत पंचवीस मिनिटं गेली. टी-टाइम ७:३० चा, पण सगळ्यांना ६:३० ची वेळ दिलेली असल्याने फेरी वेळेवर सुरू झाली. बुडाला तो पटिंगचा सराव.

दवाची सकाळ

जानेवारीत नाशिकची पहाट कडाक्याची असते आणि ग्रीनवर दव असतं. ओल्या ग्रीनवर चेंडू पाणी उडवत जातो, मागे गडद रेघ सोडतो आणि लवकर थांबतो. दहा मीटरचा पट दोन मीटर अलीकडे राहतो. पहिल्या चार-पाच होलांवर सगळेच कमी मारतात, मग चिडून जोर वाढवतात, आणि नेमकं तेव्हाच ऊन वर येऊन ग्रीन सुकायला लागतात. नऊच्या पुढे तोच जोर चेंडूला होलच्या पार नेतो. यावर उपाय साधा आहे. आपल्या आधीच्या खेळाडूच्या पटची ओली रेघ बघायची. ती कुठे वळली आणि कुठे संपली, हे दवाने लिहून ठेवलेलं असतं. ग्रीनवर चढताना पायाखाली पाणी किती लागतंय याकडेही लक्ष द्या. दुपारपर्यंत प्रत्येक होलला हा अंदाज नव्याने घ्यावा लागतो.

थंड चेंडू कमी उडतो. म्हणून रात्रभर चेंडू गाडीच्या डिकीत न ठेवता घरात ठेवावेत. फेरी चालू असताना मुद्दाम तापवलेला चेंडू मारायला नियम ४.२ नुसार मनाई आहे, तेव्हा हातउबेची पिशवी चेंडूंभोवती गुंडाळू नये. पहिल्या तीन-चार होलांना एक क्लब जास्त घ्या, तेवढं पुरतं.

आपल्या पठारावरच्या रफमध्ये, म्हणजे फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतात, मुरूम आणि बारीक खडे असतात. सुटा खडा चेंडू न हलवता उचलता येतो, २०१९ पासून बंकरमध्येही, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातही. जमिनीत रुतलेला मात्र नाही. अशा जागी चांगला वेज घासून घेण्यापेक्षा एक जुना आयर्न बॅगेत ठेवावा. चौदा क्लबांच्या मर्यादेत तो बसवायचा हे लक्षात असू द्या.

हँडिकॅप जुळवणं

मित्रांमध्ये वाद होतो तो इथेच, म्हणून आकडे आदल्या रात्री लिहून सगळ्यांना पाठवावेत. इंडेक्स जसाच्या तसा वापरत नाहीत. इंडेक्सला कोर्सच्या स्लोप रेटिंगने (सामान्य खेळाडूला कोर्स किती अवघड त्याचा आकडा) गुणायचं, ११३ ने, म्हणजे प्रमाण स्लोपने, भागायचं आणि त्यात कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला लागणारे फटके) वजा पार (कोर्सला ठरवून दिलेले फटके) मिळवायचं. उदाहरणादाखल स्लोप १२४, कोर्स रेटिंग ७१.२, पार ७२ धरा. १८.३ इंडेक्सवाल्याचं गणित २०.०८ वजा ०.८, म्हणजे १९.२८. वैयक्तिक स्टेबलफोर्डला त्याचे ९५ टक्के, म्हणजे सवलतीचे १८ फटके. जोड्यांच्या फोर-बॉल स्टेबलफोर्डला ८५ टक्के, म्हणजे १६. कोणत्या टीवरून (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरून) खेळणार त्यावर स्लोप बदलतो, तेव्हा टी आधी ठरवा. ६२ वर्षांच्या खेळाडूने पुढच्या टीवरून खेळण्यात काही कमीपणा नाही. त्याचे फटके त्या टीच्या आकड्यांवरून काढले की हिशेब बरोबर येतो.

रविवारच्या जोड्या वरचा-खालचा अशा लावल्या: ९.२ सोबत २८.०, १४.० सोबत २४.८, १६.५ सोबत २२.४. बेरजा ३७.२, ३८.८, ३८.९, म्हणजे जवळजवळ सारख्या. उरला १८.३, त्याला हँडिकॅप नसलेला जोडीदार. त्याला या सहलीपुरते ३६ धरले. हे सगळ्यांच्या संमतीने आधी ठरवावं. पहिल्या टीवर ठरवलं तर नवख्यालाच अवघडल्यासारखं होतं. त्याचा वैयक्तिक गुण बक्षिसासाठी धरायचा नाही, जोडीचा धरायचा, हेही ठरलं. फोर-बॉलमध्ये प्रत्येक होलला दोघांपैकी चांगला गुण धरतात, त्यामुळे नवख्याचे पाच होल बिघडले तरी जोडी जिवंत राहते आणि तो मोकळेपणाने खेळतो. नवखा असेल त्या दिवशी स्ट्रोक प्ले, म्हणजे एकूण फटके मोजायचा प्रकार, ठेवूच नये. एका होलवर अकरा झाले की माणूस उरलेल्या फेरीत फक्त माफी मागत फिरतो.

फेरीचा वेग

चार खेळाडू, प्रत्येकी सरासरी ९५ फटके, म्हणजे ३८० फटके. एका फटक्याला दहा सेकंद जास्त घेतले तर फेरीत तासाहून थोडा अधिक वेळ वाढतो. लांब चालण्यात वेळ जातो असं वाटतं, पण वेळ खातात ते अनावश्यक सराव-स्विंग, हातमोजा शोधणं आणि कोणाची पाळी याची चर्चा. त्यामुळे ज्याची तयारी झाली आणि समोर धोका नाही, त्याने आधी मारायचं, असं दोन्ही दिवस ठेवलं.

चेंडू शोधायला नियमाने तीन मिनिटंच. फटका झाडीकडे गेला की पुढे निघायच्या आतच दुसरा चेंडू ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता) असं बोलून मारायचा. तो शब्द न उच्चारता मारला तर तोच चेंडू खेळात येतो आणि पहिला सापडूनही उपयोग नसतो. स्टेबलफोर्डमध्ये गुण मिळण्याची शक्यता संपली की चेंडू उचलायचा. पार चारच्या होलवर सवलतीचा एक फटका मिळणाऱ्याला सहा फटक्यांत चेंडू होलमध्ये नेला तर एक गुण मिळतो, सातव्याला शून्य. मग सातवा मारायचाच कशाला? हा नियम पहिल्याच होलला पाळला की सगळ्यांना सवय लागते.

नवखा कोणत्या गटात? त्याला पुढच्या गटात, तीन चटपटीत खेळाडूंसोबत ठेवलं. उशीर झालाच तर मागे आपलेच लोक असतात, अनोळखी गटाची कुरकुर नसते.

तरीही रविवारी पहिल्या नऊ होलांना मागच्या गटाला २ तास ३५ मिनिटं लागली आणि वेगावर लक्ष ठेवणाऱ्या मार्शलने येऊन टोकलं. कारण बग्गी. दोघं एका बग्गीत, एकाचा चेंडू डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे. दोघं मिळून आधी एका चेंडूकडे जात, तो मारेपर्यंत दुसरा बग्गीत बसून राही, मग दुसऱ्या चेंडूकडे. चार माणसं असून एका वेळी एकच कामाला. दहाव्या होलपासून पद्धत बदलली. चालवणाऱ्याने जोडीदाराला त्याच्या चेंडूजवळ तीन क्लबांसह उतरवायचं आणि स्वतः पुढे जायचं. ग्रीनजवळ बग्गी मागच्या बाजूला, पुढच्या टीकडे जाणाऱ्या वाटेवर लावायची. गुण पुढच्या टीवर लिहायचे. दुसरे नऊ २ तास ५ मिनिटांत झाले आणि फेरी बरोबर ४ तास ४० वर बसली.

गाड्या, बॅगा, रस्ता

आठ माणसं म्हणून सात सीटची एक गाडी आणि एक छोटी, असा विचार होतो. तो चुकतो. गोल्फची बॅग सव्वा मीटरच्या आसपास लांब. इनोव्हासारख्या गाडीत तिसरी रांग पाडली तरच चार बॅगा आणि कपड्यांच्या पिशव्या बसतात, म्हणजे माणसं चारच. दोन मोठ्या गाड्या, प्रत्येकी चौघं. डिकीत सीएनजीची टाकी असलेली सेडान तर बाजूलाच ठेवा. साधी सेडान वापरायचीच असेल तर ‘ड्रायव्हर’ नावाचा क्लब आणि सर्वांत लांब वूड बॅगेतून काढून तिरपे ठेवावेत, बॅग मग आडवी शिरते. पटरचं तोंड आत वळवून घ्या, नाहीतर झाकण बंद करताना त्याच्यावर दाब येतो.

शनिवारी खेळ १२:१० ला आटोपला. खेळायला जाण्यापूर्वी मिसळ खाऊ नये, दोन केळी आणि चिक्की पुरे. मिसळ खेळून झाल्यावर, आणि गाडी चालवणाऱ्याने तर्री बेतानेच घ्यावी. १:३० ला निघून सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव. इथपर्यंत बाह्यवळणांमुळे गाडी पळते. अडते ती चाकणला. शनिवारी संध्याकाळी कारखान्यांच्या बसेस आणि कंटेनर एकत्र येतात. मोशीहून स्पाइन रोडने निगडी आणि तिथून महामार्गाने बावधन हा मार्ग घेतला, शहराच्या आत शिरलेच नाहीत. पाच तास धरले होते, पावणेसहा लागले. त्या संध्याकाळी काहीही ठरवलेलं नव्हतं, हे बरं झालं. रविवारी २:१५ ला निघून आठच्या सुमाराला सगळे घरी पोचले.

पैसे

निम्मी रक्कम बुकिंगच्या आधी प्रत्येकाकडून घेतली. खर्चाचे दोन भाग केले होते: माणसागणिक लागणारा, जसं ग्रीन फी, कॅडी, जेवण, आणि वाटून घ्यायचा, जसं गाडी, खोली, बग्गी. शेवटच्या आठवड्यात कुणी गळाला तर पहिल्या भागातलं जेवढं परत मिळेल तेवढं त्याचं, दुसऱ्या भागातला वाटा मात्र त्याने द्यायचाच. हे आधीच लिहून सगळ्यांना पाठवलं होतं. शनिवारी देवळालीत न खेळलेल्या मित्राकडून त्या दिवसाची ग्रीन फी आणि कॅडीचे पैसे घेतले नाहीत. तो दुपारी घरूनच गाडीत बसला, त्यामुळे गाडी आणि खोलीचा वाटा पूर्ण घेतला. कॅडीचे पैसे आणि वरची बक्षिसी रोख द्यावी लागते, त्यासाठी १०० आणि ५० च्या नोटा शुक्रवारीच काढून ठेवल्या होत्या. अठराव्या ग्रीनजवळ पाचशेची मोड कुणाकडेच नसते. हिशेब सोमवारी सकाळी पाठवला, आणि सातही जणांनी आपापले शनिवारचे स्कोअर हँडिकॅपच्या नोंदीसाठी शनिवारी रात्रीच भरले होते.